स्वभाव : जन्माचा की संस्काराचा?

मराठी भाषेत दोन म्हणी शेजारी शेजारी नांदत आहेत. ‘खाण तशी माती’ ही पहिली, आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही दुसरी. पहिली म्हण माणसाच्या स्वभावाचे मूळ कुळात पाहते, दुसरी संगतीत. या दोन्ही म्हणी बहुधा एकाच माणसाच्या तोंडी असतात, आणि तो त्या केव्हा उच्चारतो हे पाहण्यासारखे आहे. शेजाऱ्याचा मुलगा वाईट मार्गास लागला की खाण आठवते. स्वतःचा मुलगा लागला की संगत आठवते. आपला राग ‘स्वभावच तसा’ म्हणून क्षम्य ठरतो, दुसऱ्याचा राग मात्र त्याचा अपराध होतो. तेव्हा स्वभाव जन्माने येतो की संस्काराने, हा केवळ विद्वानांच्या वादाचा विषय नव्हे. घरोघरी रोज त्याचा निवाडा होत असतो, आणि तो क्वचितच न्यायाला धरून असतो.

हा प्रश्न पुरातन आहे. माणसाची प्रकृती कशाकशाने ठरते हे सांगताना चरकसंहितेने जाती, कुल, देश, काल व वय यांची गणना केली आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक व्यक्तीचे असे स्वतःचे वेगळेपणही सांगितले. पाश्चात्त्य देशांत फ्रान्सिस गाल्टन याने १८७५ साली जुळ्या भावंडांच्या तुलनेवरून याच प्रश्नाचा शोध आरंभिला. पुढे १९७९ पासून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड व त्यांचे सहकारी यांनी लहानपणीच ताटातूट होऊन निरनिराळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचे परीक्षण केले. तेव्हा असे आढळले की, एकसारखी दिसणारी अशी जुळी वेगवेगळ्या घरी वाढूनही स्वभावाने जवळजवळ एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकीच परस्परांशी मिळतीजुळती असतात. २०१५ साली जगातील २,७४८ शोधनिबंधांची, म्हणजे जुळ्यांच्या सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांविषयीची माहिती एकत्र करण्यात आली. देहाचे व मनाचे सर्व गुणधर्म मिळून माणसामाणसांतील भिन्नतेचा सरासरी ४९ टक्के भाग आनुवंशिकतेकडे जातो, असे तीतून निघाले.

हा आकडा ऐकून कोणी म्हणेल की, माणसाचा अर्धा स्वभाव आईबापांकडून येतो आणि अर्धा घरातील वळणातून. परंतु आकड्याचा अर्थ तसा नाही. तो एका समूहातील माणसांमधील भेदांविषयी बोलतो, कोण्या एका माणसाच्या घडणीविषयी बोलत नाही. मृत्तिका हे घटाचे उपादान कारण आणि कुंभार हे निमित्त कारण, हे शास्त्रात प्रसिद्धच आहे. पण समोरच्या एका घटाकडे बोट दाखवून, यातील घटपण किती शेर मातीचे आणि किती शेर कुंभाराचे, असे कोणी विचारीत नाही. मातीवाचून घट नाही आणि कुंभारावाचूनही नाही. स्वभावाचे असेच आहे.

माणसांचे ठराविक वर्ग पाडण्याविषयीही असाच सावधपणा हवा. न्यूयॉर्क येथे अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस या वैद्य दांपत्याने १९५६ पासून सव्वाशेहून अधिक मुलांची तान्ह्या वयापासून अनेक वर्षे पाहणी केली. काही मुले सुस्वभावी, काही हट्टी व चिडखोर, काही बुजरी, असे तीन प्रकार त्यांनी सांगितले. परंतु तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुले यांतील कोणत्याच प्रकारात बसेनात. शिवाय त्यांना असे दिसून आले की, मुलाचे पुढे बरे होणार की वाईट, हे त्याच्या जन्मजात ठेवणीवर जितके अवलंबून असते, तितकेच घरच्या अपेक्षांचा तिच्याशी मेळ बसतो की नाही यावर असते. चिडखोर मूलही समजूतदार घरात मार्गाला लागते. गीतेतही गुण तीन सांगितले असले, तरी ते एकमेकांवर मात करून कमीअधिक होतात, असे चौदावा अध्याय सांगतो. म्हणजे हे गुण माणसांना कायमचे बंद करून ठेवण्याच्या कोठड्या नव्हेत.

येथे अशी शंका घेतली जाईल की, स्वभाव जर इतका जन्माबरोबर येत असेल, तर माणसाला दोष तरी कसा द्यावा? ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तेथे निग्रहाचे काय चालणार, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातच म्हटले आहे. या शंकेचे समाधान लगेच पुढच्या श्लोकात आहे. इंद्रियांच्या विषयांत आवड आणि तिटकारा ठरलेलेच असतात. त्यांच्या कह्यात जाऊ नये, एवढीच आज्ञा तेथे आहे. आवड उपजणे हे प्रकृतीचे काम, तिच्या मागे जाणे अथवा न जाणे हे माणसाचे. शीघ्रकोपी माणसाला राग लवकर येईल, आणि त्याचे शरीर तापेल. तो हात उगारील की उठून बाहेर जाईल, हे मात्र जन्माने ठरून गेलेले नसते. त्याचा मार्ग शांत माणसाच्या मार्गाहून अधिक चढाचा आहे, हे खरे. पण तो बंद नाही.

या प्रश्नाचे एकांगी उत्तर किती घातक होते, याची साक्ष इतिहास देतो. सर्व दोष रक्तातच असतो, या समजुतीने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली ‘मंदबुद्धी’ ठरविलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा उचलून धरला. त्या देशात विसाव्या शतकात ६० हजारांहून अधिक माणसे अशा कायद्यांना बळी पडली. उलट, सर्व दोष वळणाचाच, या समजुतीने ब्रूनो बेटलहाइम याने १९६७ साली स्वमग्न मुलांच्या व्यथेचे खापर आईबापांच्या, विशेषतः मातांच्या, कोरडेपणावर फोडले. १९७७ साली जुळ्यांच्याच अभ्यासातून या व्यथेत आनुवंशिकतेचा मोठा भाग असल्याचे दिसून आले. तोपर्यंत कितीएक माता, आपणच आपल्या लेकराचे वाटोळे केले, असे समजून मनात झुरत राहिल्या होत्या. एका मताने दुर्बळांचे वंश खुडले, दुसऱ्याने निरपराध मातांना अपराधी केले. दोहोंतही दोषाचा बोजा दुसऱ्याच्याच माथी मारलेला आहे.

तात्पर्य, जे जन्माने येते त्याचे ज्ञान दुसऱ्याकडे पाहताना उपयोगी पडावे. समोरचा माणूस कोणत्या ठेवणीचे ओझे घेऊन आला आहे हे कळले, म्हणजे कठोर शब्द ओठांवरच थांबतो. जे अभ्यासाने येते त्याचे ज्ञान स्वतःकडे पाहताना उपयोगी पडावे. तेथे खाणीचे निमित्त पुढे करू नये. जो वडील आपल्या मुलास, ‘तू आजोबांवरच गेला आहेस, तू सुधारणार नाहीस’ असे म्हणतो, तो या दोन्ही ज्ञानांचा उलटा उपयोग करतो. मुलाच्या मातीला तो दूषण देतो आणि आपले कुंभारपण विसरतो.

अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला प्रथम बजावतात की, तुझा स्वभावच तुला युद्धाला लावील. आणि लगेच थोड्या श्लोकांनंतर, या सर्वाचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असेही सांगतात. एकाच मुखातून निघालेली ही दोन वाक्ये परस्परविरुद्ध नाहीत. स्वभाव ओळखूनही ज्याने विचार करावयाचा आणि निवड करावयाची, तो माणूस दुसऱ्या वाक्यात शिल्लक ठेवलेला आहे.