दानात मिळालेली जागा

एखाद्या अन्यायाने दिलेल्या आसनावर बसून त्याच अन्यायाविरुद्ध बोलण्याचा अधिकार माणसाला असतो काय? हा प्रश्न मला सुचतो तो इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील एका लहान गावामुळे. लिहिताना त्या नावात 'ल' येतो, बोलताना तो गळतो आणि उरतो तो 'कान'. वाचकांचा घोटाळा नको म्हणून मी 'काल्न' असेच लिहितो. हे गाव पार्लमेंटात दोन सभासद पाठवी. मताचा अधिकार नगरमंडळातील मूठभर इसमांना; आणि ते कोणाला निवडणार, हे गावाजवळच्या बोवुड येथील वाड्यात राहणारे लॅन्सडाउन घराणे ठरवी.

मौज अशी की, या खिशातल्या मतदारसंघाने पाठविलेली माणसे क्षुद्र नव्हती. राजाची सत्ता वाढत चालली आहे, ती कमी झाली पाहिजे, हा ठराव ६ एप्रिल १७८० रोजी मांडणारा जॉन डनिंग काल्नचाच सभासद. त्याच्या जागेवरील सरदाराची सत्ता कमी व्हावी, हे मात्र त्या ठरावात नव्हते!

१८३० साली लॅन्सडाउनने ही जागा तरुण मेकॉलेला देऊ केली. त्याचे लेख लॅन्सडाउनच्या मनात भरले होते. मत सद्सद्विवेकबुद्धीनुसार द्यावे, माझे दडपण नाही, असेही त्याने कळविले. २ मार्च १८३१ रोजी मेकॉलेने मतदानसुधारणेच्या बाजूने गाजलेले भाषण केले. २३ मार्चला ते बिल दुसऱ्या वाचनात ३०२ विरुद्ध ३०१ अशा एकाच मताने तरले. म्हणजे काल्नची दानात मिळालेली जागा नसती, तर हे बिल त्या रात्री कदाचित बुडाले असते.

येथे पुष्कळांचे समाधान होते. फळ चांगले ना, मग झाडाचे मूळ कशाला उकरावे? शिवाय मेकॉले १८३२ च्या निवडणुकीत लीड्स या नव्या मतदारसंघातून खरोखरीच्या मतदारांपुढे उभा राहिला. पण त्याच काल्नमधून १८५९ साली रॉबर्ट लो निवडून आला. १८५७ साली किडरमिन्स्टरच्या निवडणुकीत जमावाने त्याला दगडांनी जखमी केले होते. त्यानंतर त्याला ही निवांत जागा मिळाली. १८६६ साली त्याने कामगारांना मत देण्यास कडाडून विरोध केला. तोही आपल्या विवेकालाच स्मरून बोलला, आणि मला तरी तो अप्रामाणिक वाटत नाही.

तेव्हा ही जागा विवेकाला स्वातंत्र्य देत होती, हे खरेच. परंतु ते स्वातंत्र्य कोणापासून? मालकाने आपण होऊन हात आखडला होता, आणि गावकऱ्यांना तर कोणी विचारलेच नव्हते. ज्याला कोणापुढेही जाब द्यावा लागत नाही, त्याचा विवेक निर्मळ असेल. पण तो बरोबर आहे की नाही, हे त्याला सांगणार कोण?

आपल्याला हा प्रश्न परका नाही. १८३३ साली, लीड्सचा सभासद असताना, हिंदुस्थानविषयीच्या बिलावर मेकॉले बोलला. एतद्देशीयांना पुढे कधी स्वराज्याची इच्छा झाली तर तो इंग्लंडच्या अभिमानाचा दिवस ठरेल, असे त्याने म्हटले. पण येथे प्रातिनिधिक राज्य आज अशक्य आहे, हेही बजावले. हेतू उदार होता. फक्त ज्यांच्यासाठी कायदे करावयाचे, त्यांना विचारण्याचे कारण त्याला दिसले नाही. काल्नच्या दिवसांत तरी ते कोठे दिसले होते?

१८३२ साली काल्नचा एक सभासद कमी झाला आणि १८८५ साली तो मतदारसंघच संपला. तीन वर्षांनी लॅन्सडाउन घराण्याचा तत्कालीन प्रमुख व्हाइसरॉय होऊन कलकत्त्यास आला. त्याच्याच कारकिर्दीत, १८९२ साली, कायदे कौन्सिलांचा नवा कायदा झाला. त्यात 'निवडणूक' हा शब्द येऊ दिला नव्हता. संस्थांनी नावे सुचवावयाची आणि सरकारने नेमणूक करावयाची.