बरोबर उत्तराचा संशय

केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रोजेक्टचा विषय ठरवायला आपल्या गाइड मॅडमकडे आली, तेव्हाचा हा संवाद.

विद्यार्थिनी : मॅडम, मला मशीन लर्निंगवर काम करायचंय. हजारो संयुगांचे उत्कलनबिंदू एकाच मॉडेलने काढायचे. प्रत्येक संयुग मोजणं कुणालाच शक्य नाही ना?

मॅडम : नाहीच. म्हणून तर अंदाजाच्या पद्धती निघाल्या. पण आधी कागद घे. जोबॅक आणि रीड यांची 1987 सालची पद्धत आठवते? रेणूचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचा आकडा 198.2 मध्ये मिळवायचा. इथेनॉल करून बघ.

विद्यार्थिनी : मिथाइलचे 23.58, मिथिलीनचे 22.88, हायड्रॉक्सिलचे 92.88. बेरीज 337.5 केल्विन. प्रत्यक्षात 351.4. चौदा केल्विन कमी!

मॅडम : आता साखळी वाढवत जा.

विद्यार्थिनी : 1-ब्युटेनॉलला साडेसात कमी, 1-पेंटेनॉलला पाच, 1-हेक्झॅनॉलला जेमतेम दीड. म्हणजे मोठ्या रेणूंना पद्धत छान लागू पडते.

मॅडम : आणि 1-हेप्टॅनॉल?

विद्यार्थिनी : 451.9... खरा आकडा तर 450च्या आत आहे. आता उलट जास्त येतंय.

मॅडम : मग हेक्झॅनॉलचं उत्तर बरोबर होतं का?

विद्यार्थिनी : आकडा बरोबर होता. पण सूत्र दर मिथिलीनला 22.88 देतं आणि निसर्ग इथे विसाच्या आसपासच देतो. सुरुवातीची तूट त्या फरकाने भरत आली. हेक्झॅनॉलपाशी एका चुकीने दुसरी झाकली, एवढंच.

मॅडम : हाच तुझा विषय होऊ शकतो.

विद्यार्थिनी : एवढासा? मुलाखतीत काय सांगू? आणि अंदाज उपयोगी पडत असेल, तर त्याचं कारण कशाला शोधायचं?

मॅडम : जिथे मोजलेला आकडा आहे, तिथे अंदाजाची गरज नाही. जिथे तो नाही, तिथे चूक पकडायलाही काही नाही. तिथे फक्त कारणावर विसंबता येतं. तुझं मॉडेलही एखाद्या ठिकाणी असंच हेक्झॅनॉल दाखवील. त्या दिवशी संशय घ्यायची सवय तुला असायला हवी.

विद्यार्थिनी : म्हणजे मॉडेल सोडून द्यायचं?

मॅडम : सोडू नकोस, नंतर कर. आधी सरळ साखळीची अल्कोहोलं घे. मोजलेले आकडे जमव, दर पायरीची चूक आलेखावर मांड, तिचं चिन्ह कुठे बदलतं आणि का, ते शोध. सहा महिन्यांत हे हातून नीट होईल.

विद्यार्थिनी : आणि माझं स्पष्टीकरण चुकलं तर?

मॅडम : पुढचा रेणू लगेच सांगेल. विषय निवडताना एवढं पाहावं : आपण चुकलो तर ते आपल्यालाच कळलं पाहिजे. बाकी विषय लहान की मोठा, हा प्रश्न नंतरचा.