खुर्चीचं भाडं

आधी नीट बसून घ्या. घाई नाही. समजा, तुम्ही पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात एखाद्या मोठ्या साखळीच्या कॉफी शॉपमध्ये आहात. घरीच असाल तरी बिघडत नाही; ही दुकानं इतकी एकसारखी असतात की डोळे मिटले तरी समोर उभी राहतात. काचेचं दार, पिवळसर दिवे, दुधात वाफ सोडणाऱ्या यंत्राचा फुसकारा, भाजलेल्या बियांचा वास. समोर कप आहे. त्यावर तुमचं नाव आहे, बहुधा चुकीचं लिहिलेलं.

पहिला घोट घेण्याआधी मनात काय चाललंय तेवढं पाहा. एक आवाज म्हणतोय, "कॉफीला तीनशे रुपये?" हा आवाज बऱ्याचदा आपल्या आईचा असतो. दुसरा म्हणतोय, "असू दे गं, निदान इथून कोणी उठवत तरी नाही." दोघांनाही बोलू द्या. कुणाची बाजू लगेच घेऊ नका.

आता आईच्या आवाजाजवळ थोडं थांबू. तिच्या मनातली कॉफी वेगळी आहे. दूध भरपूर, साखर सढळ, वर किसलेलं जायफळ. मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी निमित्ताची. पाहुणे आले की, उपास असला की, दहावीच्या पोराला रात्री जागायचं असलं की. त्या कपाची किंमत कुणी काढत नसे. म्हणून तीनशेचा आकडा नुसता खिशाला लागत नाही, आणखी कुठेतरी लागतो. तो कुठे लागतो ते शांतपणे शोधा. "आपण आता अशा ठिकाणी बसणारे झालो" हा अभिमान आणि त्याच वाक्याची लाज, दोन्ही बहुधा एकाच जागी सापडतील.

घोट घ्या. आता मनातल्या मनात कप रिकामा करून हिशेब मांडू. चमचाभर पूड, पेलाभर दूध, साखर. याचे तीनशे होत नाहीत हे कुणीही सांगेल. उरलेले पैसे रस्त्यालगतच्या मोक्याच्या जागेचे, गार हवेचे, मऊ सोफ्याचे, स्वच्छतागृहाचे आणि कपावरच्या चिन्हाचे. म्हणजे आपण मुख्यतः खुर्ची भाड्याने घेतली आहे. कॉफी ही त्या भाड्याची पावती. हे एकदा दिसलं की राग थोडा निवळतो. पण प्रश्न वाढतो: बसण्यासाठी पैसे का मोजावे लागतात?

मान जराशी वर करा आणि शेजारची टेबलं पाहा. कोपऱ्यात एकटी मुलगी पुस्तक घेऊन बसली आहे. हे दृश्य आपल्याला आता साधं वाटतं. पण तिला टपरीवर नेऊन बसवा बघू. अमृततुल्यात उभ्या उभ्या कटिंग घ्यायचा आणि निघायचं. गप्पा लांबल्याच तर त्या पुरुषांच्या. जुन्या इराण्याकडे फॅमिली रूम असे, म्हणजे बाईने यायचं ते कुटुंबासह आणि आडोशाला. दोन तास एकटीने, कुणाला उत्तर न देता, भर रस्त्याकडे तोंड करून बसायची सोय आपल्या गावांनी बाईला क्वचितच दिली. ती या काचेच्या दुकानांनी दिली. मला त्यांच्याबद्दल कितीही तक्रारी असल्या तरी ही एक गोष्ट त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

तिच्या पलीकडचं टेबलही पाहा. तिथे दोघं जरा अवघडून बसले आहेत. हा पाहण्याचा कार्यक्रम आहे. पोह्यांच्या बशा, दाराआडची मावशी आणि "मुलीला गाता येतं का?" हे सगळं घरी ठेवून दोघं इथे आले आहेत. नकार द्यायचा झाला तरी तो दोघांपुरता राहील.

ही अनोळखीपणाची सोय आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पसरवली ती व्ही. जी. सिद्धार्थ यांनी. चिकमगळूरच्या कॉफीबागवाल्या घराण्यातला हा माणूस. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर त्यांनी पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं, तेही सायबर कॅफे म्हणून. पुढे दुकानं सतराशेच्या वर गेली. जुलै २०१९ मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली, सिद्धार्थ यांनी जीव दिला. त्यांचा मृतदेह मंगळुरूजवळ नेत्रावती नदीत सापडला. नंतरच्या वर्षांत निम्म्याहून अधिक दुकानं बंद झाली. या बातमीने ज्यांना चुटपुट लागली, त्यांतले कितीतरी जण आधी त्याच दुकानांना महागडी म्हणून नावं ठेवत होते. साखळीला भावना नसतात म्हणतात. आपल्याला मात्र तिच्याविषयी असतात, आणि त्या एकमेकींशी भांडत असतात.

साखळी म्हटली की परकं भांडवल, असं आपण पटकन धरून चालतो. तो विचार क्षणभर बाजूला ठेवा. कॉफी हाऊसची साखळी आपल्याकडे १९३६ पासून आहे. देशी कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी कॉफी सेस समितीने ती सुरू केली, आणि पहिलं दुकान निघालं ते मुंबईत, चर्चगेटला. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने दुकानं गुंडाळायला घेतली. नोकरीवर पाणी सोडायची वेळ आलेल्या कामगारांना कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी एकत्र आणलं. १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी कॉफी हाऊसेस स्वतः चालवायला घेतली, आणि त्यांतली कित्येक आजही चालू आहेत. डोक्यावर तुरेवाली पगडी घातलेला वाढपीच तिथे मालक. एकसारखी पाटी, एकसारखा गणवेश, गावोगावी शाखा: साखळीच ती. तेव्हा दुकानं अनेक आहेत यात दोष नाही. मालक कोण आणि गिऱ्हाइकाने किती वेळ बसायचं हे कोण ठरवतं, तिथे फरक पडतो.

आता काउंटरकडे पाहा. तिथे उभा असलेला मुलगा किंवा मुलगी तुमच्या लेकाच्या, भाचीच्या वयाची असेल. शिफ्टभर उभं राहायचं, प्रत्येकाला हसून नाव विचारायचं. या दुकानात अडीचशे खुर्च्या-सोफे का असेनात, तिच्यासाठी एकही नाही. दाराबाहेर पाठीवर चौकोनी पिशवी लावलेला डिलिव्हरीवाला ऑर्डरची वाट पाहतोय. त्याला आत यायला कुणी मनाई केलेली नाही. तरी तो बाहेरच उभा आहे. या दोघांकडे एकेक श्वासभर पाहा. त्याहून जास्त वेळ पाहवत नाही.

कपाच्याही मागे जाऊ. टाटा आणि स्टारबक्स यांनी मिळून ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला पहिलं दुकान उघडलं, तेव्हापासून त्यांच्या एस्प्रेसोत भारतातलंच बी आहे. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकात होते, कोडगू, चिकमगळूर, हासनच्या डोंगरउतारांवर. उंच झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांच्या सोबतीने. फळं एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून लाल झालेलं तेवढं हाताने तोडायचं आणि हिरवं फांदीवर ठेवायचं. हे हात बहुतेक बायकांचे. तीनशेपैकी त्यांच्यापर्यंत काय पोचत असेल, याचा अंदाज करून पाहा. कॉफी कडू लागली तर लागू द्या.

आणखी एक आठवण मनात आणा, सातासमुद्रापलीकडची. एप्रिल २०१८. फिलाडेल्फियातल्या एका स्टारबक्समध्ये दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट पाहत होते. त्यांनी काही मागवलं नव्हतं. व्यवस्थापकाने पोलिसांना फोन केला आणि दोघांना बेड्या घालून नेलं. मोठा गदारोळ झाला. कंपनीने मे महिन्यात एका दुपारी अमेरिकेतली आठ हजार दुकानं बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, आणि काही न घेताही कुणीही बसावं असा नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तो नियम मागे घेतला गेला. दुकानाने दिलेली मोकळीक दुकान परत घेऊ शकतं. त्यात बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विसंबता येत नाही.

आता पुन्हा त्या दोन आवाजांकडे कान द्या. मला तरी दोन्ही खरे वाटतात. आई म्हणते तेही, दुसरा आवाज म्हणतो तेही. आपला राग मात्र चुकीच्या दारावर धडका देतोय. पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीची पोरं अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची आणि एक दिवा घेतात. बागा दुपारी कुलूपबंद असतात. ग्रंथालयांत जागा अपुरी असते. बाईमाणसाला बाजारात स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. गावाने जे फुकट द्यायचं ते दिलं नाही, म्हणून कुणीतरी ते दूध-साखर घालून विकतंय, आणि ज्यांना परवडतं ते विकत घेताहेत. यात कॉफीवाल्याचा धंदा दिसतो. नाकर्तेपणा महापालिकेचा आहे.

कप संपवा, कॉफी आवडली असेल तर खुशाल पुन्हा या. फक्त पुढच्या निवडणुकीत वॉर्डातला उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला, की त्याला एवढं विचारा: आपल्या वॉर्डात सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी, सावलीची, बाईला एकटीने बसता येईल अशी आणि जवळ स्वच्छतागृह असलेली फुकट जागा कुठे आहे? त्याने पत्ता सांगितला, तर तिथे जाऊन पाहून या.