रुमाल सोडताना

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवत राहिले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. अशा संस्थांकडे घराण्यांनी दिलेले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. आपले मूळ शोधणारा वंशज तिथे येतो, तो बहुधा तलवार गाजवलेल्या खापरपणजोबांसाठी. हाती लागतो सावकाराचा तगादा, नाहीतर चुलत्याशी चाललेला वाद.

त्यात नवल नाही. कागद टिकले तेच मुळी भांडणांपायी. वतन कोणाचे, वडीलपण कोणाचे, यावर पंच बसत, निवाड्याचे महजर होत. पुढे १८५२ साली इनाम कमिशन आले आणि इनामांचे पुरावे मागू लागले. मग तर कागद जपण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. म्हणून दप्तरातली वंशावळ हातात आली की आधी विचारावे, ही कोणी आणि कोणापुढे मांडण्यासाठी लिहिली? हक्क सांगणाऱ्याने भाऊबंदांच्या शाखेपुढे ‘नकल’, म्हणजे निर्वंश, असे लिहिले असेल, तर त्या शाखेचा नातू दुसऱ्या एखाद्या यादीत आहेर घेताना भेटू शकतो! लेकीसुनांचा पत्ता वंशावळीत क्वचितच लागतो. त्यांच्यासाठी लग्नाच्या खर्चाच्या याद्या पाहाव्यात, खाजगी पत्रे पाहावीत. त्या पत्रांवर पुष्कळदा चंद्राची तारीख आणि महिना असतो, सालच नसते. मजकुरातल्या मोहिमेवरून, कोणाच्या तरी मृत्यूवरून ते ताडावे लागते.

ज्यांच्या घरी वतन नव्हते, दप्तर नव्हते, त्यांचे काय? ते दुसऱ्यांच्या रुमालांत आहेत. महजराच्या शेवटी साक्षीदारांची नावे येतात. लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी, बाईच्या नावापुढे बांगडीची. कुठल्याशा कुटुंबाला आपल्या पूर्वजाचा एवढाच लेखी पुरावा असेल, आणि तोही देशमुखांच्या दप्तरात.

कागद देणगी म्हणून देण्यापूर्वी घरची मंडळी निवड करायला बसतात. सनदा, दरबारी पत्रे ठेवतात. कर्जरोखे, उधारीच्या याद्या, भांडणाचे कागद काढून टाकतात. घराण्याची लाज झाकली जात असेलही, पण त्याच कागदांवर गावच्या सुताराचे, कुळांचे, साक्षीला उभ्या राहिलेल्या एखाद्या विधवेचे नाव असते. त्यांच्या वंशजांना कोणी विचारलेले नसते.