वाट तुला फार आहे



मागील पावसाळ्यात भाषांतराच्या कामानिमित्त माझा मुक्काम बंगळूरला होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील एक पाळकबंधू मुलीच्या शिक्षणासाठी त्याच सुमारास तेथे आले होते. ते मला भेटावयास आले. महात्मा गांधी रस्त्यावरील बायबल सोसायटीच्या कार्यालयातून निघून आम्ही एका खाणावळीत जेवावयास बसलो. वाढपी पुन्हा भात घेऊन आला, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी पानावर हात आडवा धरून 'साकु' म्हटले. पाळकांनी अर्थ विचारला. "पुरे," मी सांगितले.

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चोवीस वर्षं झाली, सर. आता फार झालं. राजीनामा लिहून ठेवलाय."

पाच खेड्यांतील उपासना, मंडळीतील दोन गटांचा न्यायालयापर्यंत गेलेला तंटा, वेळेवर न मिळणारे मानधन, हे सारे त्यांनी सांगितले. पण त्यांचे खरे दुःख निराळेच होते. "देव प्रीती आहे असं लोकांना सांगतो, आणि ते सांगताना माझंच मला खोटं वाटतं." उपदेश करण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो. सुदैवाने शब्द सुचले नाहीत.

त्या रात्री मी इब्री शास्त्रातील १ राजे १९ वा अध्याय उघडला. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहिलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने पळाला आहे. चाकराला मागे ठेवून तो एकटाच रानात जातो आणि एका झुडपाखाली मरण मागतो. त्याच्या प्रार्थनेचा पहिला शब्द आहे 'रव', म्हणजे फार झाले. तीन वचनांनंतर देवदूत बोलतो, त्यातही तोच शब्द येतो: वाट तुला 'रव' आहे, तुझ्या शक्तीपलीकडची आहे. भाषांतरात एकीकडे 'पुरे' आणि दुसरीकडे 'लांब' असे शब्द घातले, की हा धागा तुटतो. थकलेल्या माणसाचाच शब्द देवाने उचलला आहे, हे मग वाचकाला कळत नाही. आपल्या मराठीतला साधा 'फार' मात्र दोन्ही ठिकाणी बसतो. फार झाले, असे एलीया म्हणतो. होय, वाट तुला फारच आहे, असे देव म्हणतो.

यात दटावणी नाही. विश्वास कमी पडला असा ठपकाही नाही. आधी झोप, मग स्पर्श, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, आणि पुन्हा झोप. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेबावर. तिबिर्याच्या समुद्रकाठीही (योहान २१) प्रभूने पेत्राला प्रीतीविषयी विचारले, ते न्याहारी झाल्यावर.

पंडिता रमाबाईंची मला येथे आठवण होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपासमार झालेल्या मुली व स्त्रिया आणून त्यांना अन्न व आसरा दिला. पुढे त्यांनीच इब्री व ग्रीक भाषांतून शास्त्र मराठीत आणले. १९२१ साली कन्या मनोरमा गेली, तरी हे काम त्यांनी १९२२ च्या आपल्या मरणापर्यंत सोडले नाही. आपण व्यासपीठावरून त्यांचा हा न थकणारा उत्साहच तेवढा सांगतो, आणि थकलेल्या सेवकांच्या पाठीवर तो आसूडासारखा पडतो. परंतु भुकेलेल्यांना आधी जेवू घालणाऱ्या त्या हाताने निखाऱ्यावरच्या भाकरीचे ते वचन कसे लिहिले असेल?

मी एकटाच उरलो, ही एलीयाची तक्रार देवाने ऐकली, पण त्याची मोजणी मान्य केली नाही: सात हजार शिल्लक आहेत. शिवाय अलीशाही दिला. वडीलजनहो, आपल्या पाळकाला सुट्टीचा एखादा रविवार द्यावा, असे आपणांस कधी वाटले आहे काय?

दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांना कर्नाटक एक्सप्रेसवर पोहोचवावयास गेलो. 'फार' या शब्दाविषयी दोन वाक्ये सांगितली आणि दहीभाताचे पुडके हाती दिले. राजीनाम्याविषयी मी विचारले नाही; तेही बोलले नाहीत.

घरी पोहोचल्यावर त्यांचा दूरध्वनी आला. "दहीभात खाल्ला आणि आडवा झालो. सोलापूर केव्हा गेलं, कळलंच नाही, सर."