चढणाऱ्याचा दोर

शास्त्रपाठ : १ शमुवेल १४:१-१५



मिखमाशच्या खिंडींत बोसेस व सेने नांवाचे दोन सुळके समोरासमोर उभे होते, आणि वर पलिष्ट्यांचें ठाणें होतें. योनाथान हातापायांनीं तो कडा चढून गेला, व त्याचा शस्त्रवाहक त्याच्या मागोमाग चढला.

आपल्या गडकोटांच्या मुलखास अशी गोष्ट नवी नाहीं. सन १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे व त्यांचे मावळे रात्रीं कोंढाण्याचा कडा चढून गेले. घोरपडीची कथा इतिहासकार खरी मानीत नाहींत. परंतु दोर आपोआप वर जात नाहीं, हें कोणीही गुराखी सांगेल. प्रथम कोणी तरी खांचेंत बोटें रोवून चढतो, वर दोर पक्का बांधतो व खालीं सोडतो. मग मागचे येतात.

आपल्या भाषेंतही हा बोध सांठविलेला आहे. चढण, चढाव, चढाई हे शब्द ज्या मुळाचे, त्याच मुळाचा 'चढेल' हाही शब्द आहे. जो वर गेला आणि दोर सोडावयास विसरला, तो चढेल. 'चढाओढ' ह्या शब्दांत तर चढणें व ओढणें दोन्ही ऐकूं येतात. आपण कोणीकडे ओढतों? चढणाऱ्याचा पाय धरून खालीं, कीं खालच्याचा हात धरून वर?

मंडळींत हा प्रश्न रोज उभा राहतो. एका घरचा मुलगा शिकून शहरांत नोकरीस लागतो; त्याच आळींतील दुसरें मूल पुस्तकांवांचून शाळा सोडतें. पंचाच्या जागेसाठीं भांडलेलीं दोन घरें प्रभुभोजनाच्या दिवशींही एकमेकांस सलाम करीत नाहींत.

दारानें न येतां दुसरीकडून चढून येणाऱ्यास प्रभूनें चोर म्हटलें आहे (योहान १०:१). तेव्हां नुसतें चढणें हें पुण्य नव्हे. कोणासाठीं चढलों, हें देव पाहतो. जो सर्वांहून उंच, तो दोर सोडून वर थांबला नाहीं. तो स्वतः वधस्तंभापर्यंत उतरून आला (फिलिप्पै २:६-८).

ह्या आठवड्यांत प्रत्येकानें मागें वळून पाहावें. एका मुलाचीं पुस्तकें, रुसलेल्या शेजाऱ्यास एक सलाम, इतकाही दोर पुष्कळांस पुरतो. तो सोडण्याची कृपा प्रभु आपणांस देवो. आमेन.