शेजाऱ्याचा धर्म : 'सगळे सारखेच' म्हणणे पुरेसे आहे का?



आपल्या पेणकरपाड्यात एकाच जिन्यावर तीन-तीन धर्म नांदतात. एका घरात गणपतीची तसबीर, समोर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, मधल्या दारावर आपला क्रूस. दिवाळीचा फराळ येतो, बुद्धपौर्णिमेची खीर येते, नाताळात आपले ताट त्यांच्याकडे जाते. अशा वेळी आपल्यापैकी कुणीतरी सहज म्हणतो, "हिंदू काय, बौद्ध काय, एकच. बुद्ध म्हणजे विष्णूचाच अवतार ना?" हेतू चांगला असतो. पण बौद्ध शेजारी गप्प होतो. तो का गप्प होतो, याचा आज विचार करू या.

दोन्ही धर्मांची भूमी एक, शब्दही पुष्कळसे एकच : कर्म, पुनर्जन्म, ध्यान, अहिंसा. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे ध्येयही दोन्हीकडे आहे. पण शब्द एक असले तरी अर्थ एक असतोच असे नाही. हिंदू धर्मात अनेक मते आहेत. अद्वैती म्हणतो, आत्मा आणि ब्रह्म एकच. द्वैती म्हणतो, देव वेगळा, भक्त वेगळा. तरी शरीर नाशवंत आणि आत्मा अमर, हे बहुतेकांना मान्य आहे. वेदांनाही परंपरेने प्रमाण मानले आहे.

बुद्धांनी वेदांचे प्रामाण्य मानले नाही. जग निर्माण करणारा ईश्वर त्यांच्या शिकवणीत नाही, आणि नित्य आत्माही नाही. सर्व काही अनित्य आहे. दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, ते संपू शकते आणि अष्टांगिक मार्ग हा त्याचा उपाय आहे. मग आत्माच नसेल तर पुनर्जन्म कुणाचा? हाच प्रश्न मिलिंद राजाने भिक्खू नागसेनांना विचारल्याचे पाली ग्रंथात आहे. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जाते का, असे नागसेनांनी उलट विचारले.

महाराष्ट्रात हा फरक केवळ तत्त्वज्ञानाचा राहिलेला नाही. १९३५ साली येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. ज्याच्या आजोबांनी अस्पृश्यतेचे जोखड झुगारून ती प्रतिज्ञा घेतली, त्याला 'सगळे एकच' म्हणणे म्हणजे आजोबांचा निर्णयच पुसून टाकणे नव्हे काय?

हिंदू शेजाऱ्यावरही अन्याय होऊ नये. पुराणांनी बुद्धांना दशावतारांत गणले आहे. आज तो श्रद्धेनेच तसे म्हणतो. हिंदू धर्म म्हणजे केवळ जातिभेद असेही नाही. ज्या चोखोबांना मंदिराबाहेर ठेवले गेले, त्यांचीच समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ आहे. जखम आणि भक्ती, दोन्ही खरी आहेत.

आपणही निर्दोष नाही. दहिसर नाक्यापलीकडे, बोरिवलीत, कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत आणि मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी मंडपेश्वरात चर्च केले. तेथील दगडात कोरलेला क्रूस आजही दिसतो. दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपली खूण कोरणे ही एक चूक. त्याची श्रद्धा आपल्या सोयीने दुसरीत मिसळून टाकणे ही तिचीच सौम्य बहीण.

कुणी म्हणेल, फरक बोलून दाखवले तर भांडणे होतील. पण भांडण फरकातून नव्हे, तुच्छतेतून होते. 'येशू हा अनेक अवतारांपैकी एक' असे कुणी प्रेमाने म्हटले, तरी आपल्या मनात काहीतरी खटकतेच. मग जे आपल्याला खटकते ते दुसऱ्याला का खटकू नये? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यातही हिंदू आणि बौद्ध धर्मांचा उल्लेख वेगवेगळा आहे, आणि त्यांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे म्हटले आहे. मान द्यायचा तर आधी ओळखले पाहिजे.

तेव्हा बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी शेजाऱ्याकडून खीर किंवा फराळ आला, की आपणच उत्तर देऊन मोकळे होऊ नये. "तुम्ही हा सण कसा मानता?" एवढेच विचारावे, आणि तो सांगेल ते शांतपणे ऐकून घ्यावे.